बॅसूनची पत्ती : निगा आणि इतिहास

बॅसून या पाश्चात्त्य सुषिर वाद्याच्या मुखाशी बसविण्यात येणारे, बोरूसारख्या वनस्पतीच्या दोन पात्यांचे बनविलेले कंपक साधन. यास जिव्हाळी किंवा रीड असेही म्हणतात. वाद्यातील स्वराचा उगम येथेच होतो. वादकाने ओठांच्या पकडीतून फुंकर घातली, की दोन्ही पात्यांची टोके वेगाने मिटू-उघडू लागतात आणि त्या स्पंदनांमुळे सु. अडीच मी. लांबीच्या दुमडलेल्या नळीतील वायुस्तंभ कंप पावतो. सनई, ओबो, इंग्लिश हॉर्न आणि बॅसून ही वाद्ये अशा दुहेरी पत्तीमुळे एकाच वर्गात मोडतात. बॅसूनचे मेपल किंवा रोझवुडचे अंग नीट सांभाळल्यास शंभराहून अधिक वर्षे वाजते राहते. पत्ती मात्र नियमित वादनात काही आठवड्यांतच निकामी होते. ज्या भागावर नाद सर्वांत अधिक अवलंबून असतो, तोच सर्वांत अल्पायुषी असावा, या विसंगतीतून पत्तीच्या निगेची एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली. ही विद्या मुख्यतः गुरूकडून शिष्याकडे हातोहात गेली; लेखी स्वरूपात ती उशिरा आणि अपुरी उतरली. त्यामुळे जुनी वाद्ये उपलब्ध असूनही त्यांचा मूळ नाद कसा होता, हा संगीताच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न होऊन बसला आहे.

द्रव्य व रचना : पत्तीसाठी गवताच्या कुलातील (ग्रॅमिनी) ॲरुंडो डोनॅक्स या उंच, पोकळ पेरांच्या वनस्पतीचा उपयोग करतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात ती सर्वत्र आढळत असली, तरी फ्रान्सच्या आग्नेय किनाऱ्यावरील व्हार या विभागातील कांडी विशेष नावाजलेली आहेत. साधारणपणे दुसऱ्या वर्षाचे पक्व कांडे हिवाळ्यात तोडतात, दीर्घकाळ सुकवितात आणि उन्हात ठेवून त्यावर सोनेरी पिवळा रंग चढू देतात. ही वनस्पती बियांपासून सहसा वाढत नाही. जमिनीखालील खोडाच्या तुकड्यांपासून तिचा प्रसार होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात जमिनीची धूप थांबविण्यासाठी तिची लागवड करण्यात आली. पुढे नदीकाठच्या स्थानिक वनस्पतींना हटविणारे उपद्रवी तण म्हणून ती तेथे कुप्रसिद्ध झाली. वनस्पती एकच असूनही माती, हवामान आणि पक्वता यांनुसार तिच्या काष्ठाचा कस बदलतो.

बॅसूनसाठी सु. २५ मिमी. व्यासाचे कांडे उभे चिरून त्याची आतील बाजू कोरतात व जाडी सव्वा मिमी.च्या आसपास आणतात. सु. १२ सेंमी. लांबीची ही पट्टी ठराविक आकारात कापून मधोमध दुमडतात. म्हणजेच पत्तीची दोन्ही पाती एकाच पट्टीची असतात. खालच्या भागास पितळी तारेचे तीन वेढे देऊन आणि दोरा गुंडाळून निमुळत्या दांड्यावर त्यास गोल नळीचा आकार देतात. वरची दुमड कापली, की पत्तीचे तोंड उघडते. पूर्ण झालेली पत्ती सु. साडेपाच सेंमी. लांब आणि टोकाशी सु. दीड सेंमी. रुंद असते. ती धातूच्या वक्रनलिकेवर बसवितात. पात्यांचा मधला कणा जाड ठेवून कडा व टोक क्रमाने पातळ तासतात. टोकाशी उरणारी जाडी एक दशांश मिमी.च्या आसपास असल्यामुळे तेथे सुरी किंचित अधिक चालली, तरी पत्ती वाया जाते.

प्रारंभीचा काळ : बॅसूनचा पूर्वज डल्शियन हे वाद्य सोळाव्या शतकात प्रचारात आले. इंग्लंडमध्ये ते कर्टल या नावाने ओळखले जाई. मिखाएल प्रेटोरिउस (१५७१–१६२१) याच्या सिंटॅग्मा म्युझिकम या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१६१९) आणि मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) याच्या आर्मनी यूनिव्हर्सेल (१६३६) या ग्रंथात या जातीच्या वाद्यांची माहिती मिळते. या ग्रंथांचा मुख्य भर वाद्यांचे आकार, छिद्रे व स्वरक्षेत्र यांवर आहे. पत्ती कशी राखावी, हा कारागिराच्या आणि वादकाच्या हाताचा विषय मानला जाई.

एकाच ओंडक्यात दोन समांतर नळ्या कोरलेल्या डल्शियनऐवजी वेगवेगळ्या भागांचे, जोडता येणारे बॅसून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. या बदलाचा संबंध फ्रान्समधील वाद्यकारांशी जोडला जातो. अठराव्या शतकात या वाद्याला केवळ मंद्र स्वरांची साथ करणारे म्हणून नव्हे, तर एकलवादनाचे वाद्य म्हणूनही प्रतिष्ठा मिळाली. आंतोन्यो व्हिव्हाल्दी (१६७८–१७४१) याने बॅसूनसाठी ३९ कंचर्टो रचले; त्यांपैकी दोन अपूर्ण आहेत. त्यांतील द्रुत स्वरावली आणि दूरदूरच्या स्वरांवरील झेपा पाहता, त्या वाजविणाऱ्यांच्या पत्त्या चटकन प्रतिसाद देणाऱ्या असल्या पाहिजेत, असे अनुमान करता येते. तत्कालीन पत्त्या आजच्यापेक्षा सामान्यतः लांब व रुंद असत. परंतु त्यांचे फार थोडे नमुने उरले आहेत. जुने बॅसून वारसाने जपले जाई, विकले जाई किंवा संग्रहालयात पोहोचे. झिजलेली पत्ती मात्र फेकून दिली जाई.

लेखी परंपरेचा उदय : १७९५ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या संगीतविद्यालयामुळे वाद्यशिक्षणाला एकसारखे, छापील रूप देण्याची गरज भासू लागली. तेथील बॅसूनचा प्राध्यापक एत्येन ओझी (१७५४–१८१३) याने १८०३ मध्ये नूव्हेल मेतोद द बासों हा शिक्षणग्रंथ प्रसिद्ध केला. वादनाच्या पाठांबरोबरच पत्ती तयार करण्याची रीतही त्यात दिली आहे. ओझीच्या ग्रंथाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर, वादकाने स्वतःची पत्ती स्वतः करावी, ही अपेक्षा त्याने अभ्यासक्रमाचा भाग बनविली. दुसरे म्हणजे, तोवर कारागिराच्या हाती असलेले ज्ञान त्याने दूरच्या विद्यार्थ्यालाही खुले केले.

जर्मनीत कार्ल आल्मेनरेडर (१७८६–१८४६) याने बॅसूनच्या छिद्रांची व चाव्यांची फेररचना केली आणि १८३१ मध्ये योहान आडाम हेकेल याच्या सहकार्याने बीब्रिख येथे वाद्यनिर्मितीचा कारखाना सुरू केला. याच परंपरेतून आजचा जर्मन पद्धतीचा बॅसून निर्माण झाला. आल्मेनरेडरने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वादनशिक्षणाच्या ग्रंथातही पत्तीचा विचार आहे. फ्रान्समध्ये मात्र जुन्या रचनेशी अधिक जवळीक ठेवणारा बॅसून चालू राहिला. दोन्ही वाद्यांच्या नळ्या व वक्रनलिका भिन्न असल्यामुळे त्यांच्या पत्त्यांची मापे आणि तासण्याच्या पद्धतीही वेगळ्या झाल्या. लाइपसिक येथील गेवांटहाउस वाद्यवृंदाचा बॅसूनवादक यूलिउस व्हाइसेनबोर्न (१८३७–८८) याचा १८८७ चा शिक्षणग्रंथ जर्मन पद्धतीच्या वादकांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

याच शतकात पत्तीनिर्मितीत यंत्राचा प्रवेश झाला. कांड्याची आतील बाजू एकसारखी कोरणारी यंत्रे प्रथम ओबोच्या क्षेत्रात पुढे आली. पॅरिसमधील ओबोवादक आंरी ब्रॉद (१७९९–१८३९) याचे नाव या संदर्भात घेतले जाते. हळूहळू तयार पत्त्या विकत मिळू लागल्या. त्यामुळे नवशिक्याची सोय झाली, तरी वादकाची सुटका झाली नाही. विकत आणलेली पत्ती वादकाचे ओठ, त्याची वक्रनलिका, वाद्यगृहातील हवा आणि वाजवावयाची रचना यांना जुळवून घ्यावी लागते. निर्मितीचा व्यवसाय स्वतंत्र झाला; निगा मात्र वादकाकडेच राहिली.

संगीतरचनांच्या मागण्या : निगेची पद्धत अधिकाधिक काटेकोर होण्यास स्वरकारांच्या वाढत्या अपेक्षाही कारणीभूत ठरल्या. चायकॉव्हस्की (१८४०–९३) याच्या सहाव्या सिंफनीचा (१८९३) प्रारंभ मंद्र स्वरांतील हळुवार बॅसूनवादनाने होतो. पुढे त्याच भागात बॅसूनच्या ओळीवर सहा वेळा ‘पी’ हे अक्षर लिहून अतिमंद वादनाची सूचना केली आहे. ती पाळणे इतके कठीण, की पुष्कळ संचालक ती जागा बास क्लॅरिनेटकडे देतात. याउलट, २९ मे १९१३ रोजी पॅरिस येथे प्रथम सादर झालेल्या स्ट्राव्हिन्स्की (१८८२–१९७१) याच्या द राइट ऑफ स्प्रिंग या नृत्यनाट्याचा आरंभ बॅसूनच्या अत्यंत चढ्या स्वरांनी होतो. मंद्र स्वर हलकेच उमटण्यास टोक पातळ व पाती मोकळेपणाने कंप पावणारी लागतात. तार स्वर स्थिर राहण्यास कणा भरीव आणि पत्ती काहीशी ताठ असावी लागते. एकाच पत्तीत हे दोन्ही गुण क्वचितच उतरतात. म्हणून वाद्यवृंदातील वादक निरनिराळ्या प्रकृतीच्या अनेक पत्त्या एकाच वेळी जोपासतो आणि कार्यक्रमानुसार त्यांतून निवड करतो. ऐन प्रयोगात पत्ती दगा देईल, ही धास्ती या वादकांच्या जीवनाचा एक भागच असते. कारण शेकडो श्रोत्यांसमोर न उमटलेल्या स्वराचा दोष पत्तीकडे नव्हे, तर वादकाकडे जातो.

निगेची पद्धत : निगेचा मूळ हेतू पत्तीचे ओले होणे व सुकणे नियंत्रित ठेवणे हा आहे. कोरडी पत्ती ताठ व ठिसूळ असते. ती तशीच वाजविल्यास किंवा तिच्या तारा आवळल्यास चिरण्याचा संभव असतो. म्हणून वादनापूर्वी ती काही मिनिटे स्वच्छ पाण्यात भिजवितात. पत्ती नुसती तोंडात धरून ओली करण्याची सवयही जुनी आहे. पण लाळेतील पाचक द्रव्ये व अन्नाचे कण काष्ठात शिरून त्याचा कस लवकर घटवितात. त्यामुळे वादनापूर्वी चूळ भरावी आणि पत्तीसाठी पाणीच वापरावे, असे शिक्षक आवर्जून सांगतात. फार वेळ भिजविणेही अपायकारक असते; पाती फुगून तोंड अधिक उघडते व स्वर जड होतो.

वादन संपल्यावर पत्ती पाण्याने धुऊन, झटकून व पुसून हवेशीर पेटीत ठेवतात. हवाबंद नळीत ओली पत्ती ठेवल्यास तीवर बुरशी धरते. पात्यांच्या आत साचणारा लाळेचा थर कंपनाला अडथळा करतो. तो काढण्यासाठी पत्तीच्या मागील टोकाकडून पाण्याची धार सोडतात किंवा मऊ लव असलेली तार अलगद फिरवितात. विसाव्या शतकात सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचा आणि स्वनातीत कंपनांनी सफाई करणाऱ्या उपकरणांचा वापरही काही वादक करू लागले. नव्या पत्तीला एकदम तासन्‌तास राबवीत नाहीत. पहिले काही दिवस ती थोडा थोडा वेळ वाजवून स्थिर होऊ देतात. पुढेही चार-सहा पत्त्या आळीपाळीने वापरून प्रत्येकीला पुरेशी विश्रांती देतात. भारतीय सनईवादकही वाद्याला दोऱ्याने सुट्या पत्त्या व त्या साफ करण्याची सुई अडकवून ठेवतात. दोन्ही परंपरा स्वतंत्र असल्या, तरी पत्तीवर पूर्ण भरवसा टाकता येत नाही, हा अनुभव दोघींतही सारखाच आहे.

दुरुस्तीची सुरुवात परीक्षेने होते. वादक पत्ती वाद्यावरून काढून, पहिल्या तारेच्या जवळपर्यंत ओठांत घेऊन नुसतीच फुंकतो. त्या वेळी उमटणाऱ्या घोगऱ्या, अनेक स्वरांच्या मिश्र आवाजाला पाश्चात्त्य वादक कावळ्याच्या ओरडण्याची उपमा देतात. त्या आवाजावरून पाती समतोल आहेत किंवा नाहीत, हे अनुभवी कानाला समजते. पत्तीचे मागील तोंड बोटाने बंद करून फुंकल्यास हवा कोठून निसटते, तेही कळते; बाजूंतून किंवा दोऱ्याखालून निसटणारी हवा मेण किंवा चिकटद्रव्य लावून रोखतात.

यानंतरचा उपाय तारांचा. टोकाजवळची पहिली तार दोन्ही बाजूंनी दाबली, तर पत्तीचे तोंड उघडते. वरून व खालून दाबली, तर ते मिटते. दुसऱ्या तारेचा परिणाम सामान्यतः याच्या उलट असतो. हा उपाय पुन्हा पूर्ववत करता येतो, म्हणून तो आधी करतात. पाती तासणे हा शेवटचा उपाय होय, कारण काढलेले काष्ठ परत बसविता येत नाही. दोन्ही पात्यांमध्ये धातूची पातळ चकती सरकवून सुरी, बारीक कानस किंवा अतिसूक्ष्म घासकागद यांनी अगदी थोडे द्रव्य काढतात आणि दर वेळी वाजवून पाहतात. पूर्वी या कामासाठी एक्विसीटम या वनस्पतीचे वाळलेले खोडही वापरीत. त्यातील सिलिकेमुळे ते नैसर्गिक घासकागदाप्रमाणे उपयोगी पडे. अजूनही काही वादकांना तेच पसंत आहे.

हवामानाचा पत्तीवर मोठा परिणाम होतो. कोरड्या हिवाळ्यात तोंड मिटते, दमट हवेत ते उघडते. उंच प्रदेशात कमी वायुभारामुळे तीच पत्ती निराळी वागते. त्यामुळे दौऱ्यावरील वाद्यवृंदाच्या वादकांना गावोगावी पत्त्या नव्याने जुळवाव्या लागतात. मुंबईत २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाच्या निमित्ताने हा प्रश्न महाराष्ट्रातही येऊन पोहोचला. किनाऱ्यावरील दमट हवा आणि वाद्यगृहातील वातानुकूलित हवा यांमधील फरक बॅसूनवादकाला पत्तीतूनच प्रथम जाणवतो.

टंचाई, आरोग्य व पर्याय : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) फ्रान्समधील कांड्यांचा नेहमीचा व्यापार विस्कळित झाला आणि एका लहानशा प्रदेशावर अवलंबून राहण्यातील धोका इतर देशांतील वादकांच्या लक्षात आला. युद्धोत्तर काळात व्हारच्या किनाऱ्यावर पर्यटन व घरबांधणी वाढल्याने लागवडीच्या जमिनीवरही ताण पडला. अर्जेंटिनासारख्या देशांत वाद्यांसाठी या वनस्पतीची लागवड होऊ लागली. याच काळात पत्तीविषयीचे ज्ञान अधिक उघडपणे वाटले जाऊ लागले. मार्क पॉपकिन व लॉरेन ग्लिकमन यांचे पत्तीनिर्मितीवरील पुस्तक १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तर १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय दुहेरी पत्ती संस्थेने आपल्या नियतकालिकांतून वादकांचे अनुभव एकत्र आणले.

स्वच्छतेचा प्रश्न केवळ नादापुरता मर्यादित नाही. २०१६ मध्ये थोरॅक्स या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बॅगपाइपवादकाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या वाद्याच्या ओलसर अंतर्भागात बुरशी व यीस्ट आढळले आणि त्यांच्या सततच्या श्वसनाने त्याच्या फुप्फुसांना दीर्घकालीन दाह जडला असावा, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. बॅगपाइपची पिशवी व बॅसूनची पत्ती यांच्या रचनेत मोठे अंतर असले, तरी ओल न राहू देण्याची जुनी शिकवण किती महत्त्वाची आहे, हे या घटनेने सर्वच सुषिरवादकांना दाखवून दिले.

एकविसाव्या शतकात कृत्रिम बहुवारिकाच्या बॅसूनपत्त्याही बाजारात आल्या. त्या भिजवाव्या लागत नाहीत, हवामानाने फारशा बदलत नाहीत आणि दीर्घकाळ टिकतात. शाळांतील विद्यार्थी आणि उघड्यावर वाजविणारे वादक यांना त्या सोयीच्या ठरतात. तथापि नादाची खोली आणि स्वतःच्या गरजेनुसार तासण्याची मुभा यांमुळे बहुसंख्य व्यावसायिक वादक नैसर्गिक पत्तीलाच चिकटून आहेत.

ऐतिहासिक महत्त्व : निकोलाउस हार्नोनकूर्ट (१९२९–२०१६) याने १९५३ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापिलेल्या कोन्सेन्टुस म्यूझिकुस या वृंदासारख्या संस्थांनी जुने संगीत तत्कालीन वाद्यांवर वाजविण्याची चळवळ पुढे नेली. तेव्हा अठराव्या शतकातील बॅसून मिळाले, त्यांच्या हुबेहूब प्रतिकृतीही करता आल्या. पण ती वाजवावयाची कोणत्या पत्तीने, या प्रश्नाशी वादक अडखळले. आधुनिक पत्ती बसविली, तर जुन्या वाद्याचे स्वर बेसूर होत आणि नादही निराळा येई. मग संग्रहालयांतील मोजक्या पत्त्यांची मापे घेण्यात आली, जुनी चित्रे तपासण्यात आली आणि ओझी व आल्मेनरेडर यांच्या सूचना नव्या दृष्टीने वाचल्या गेल्या. ज्यांनी पत्तीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी लिहून ठेवले, त्यांच्यामुळेच या प्रयत्नांना काही आधार मिळाला. तरीही वापरातली पत्ती कशी भिजविली जाई, किती तासली जाई आणि केव्हा टाकून दिली जाई, याचा बराचसा भाग त्या त्या वादकाबरोबर नाहीसा झाला. पत्तीच्या निगेची नोंद ठेवणे हे म्हणूनच वादकाच्या दैनंदिन सोयीपुरते काम नसून, त्याच्या काळाचा नाद पुढील पिढ्यांच्या हाती देण्याचे ते एक साधन आहे.